कढई न चढलेली दिवाळी

श्रावणातल्या सोमवारी तू गेलीस. सकाळी तू मला भाकरी बांधून दिलीस आणि मी शाळेत शिकवायला गेलो. दुपारी शेजारच्या गयाबाईचा दीर शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. मी घरी आलो तेव्हा तुला ओसरीवर निजवलं होतं. घागर दारात होती. तू विहिरीवरून आलीस, घागर ठेवलीस, उंबऱ्यावर बसलीस आणि उठली नाहीस, असं गयाबाईनं सांगितलं.

त्या दिवसाचं याहून जास्त मला लिहिता येत नाही, कौसा. म्हणून दिवाळीचं लिहितो. ती तुझ्याविना झाली, आणि तिची हकीकत तुला सांगायला माझ्याशिवाय कोण आहे? तू म्हणाली असतीस, "आता काहून लिहून राह्यले? सांगायचं तं तोंडानं सांगा की." पण तोंडानं सांगणं मला कुठं जमायचं! दिवसभर शाळेत पोरांना उर्दूतून हिशेब शिकवून घरी आलो की माझ्याजवळचे शब्द संपलेले असत. बोलायचीस तू. मी जेवता जेवता हुंकार द्यायचो, आणि एखादा हुंकार चुकीच्या जागी पडला की तू ओळखायचीस, की मास्तर अजून पुस्तकातच आहेत.

तुझ्यामागं दिवस कसे गेले ते नीटसं आठवत नाही. पाण्याखाली डोळे उघडल्यावर दिसावं तसं सगळं दिसत होतं. पोळा आला, रंगवलेल्या शिंगांचे बैल गल्लीतून गेले, घुंगरांचा आवाज बराच वेळ राहिला. महालक्ष्म्या वाटूरला थोरल्या भावाकडे बसतात, तिकडे मी गेलो नाही. दसऱ्याला लोक सोनं द्यायला आले आणि ओसरीपाशी घुटमळून, आपट्याचं पान न देताच, दोन शब्द बोलून गेले. सण आपल्या दारावरून जात होते. त्यांना आत बोलावायची रीत नव्हती आणि मलाही तेच बरं वाटत होतं.

वाटूरहून काकी आली ती इथंच राहिली. मला "दिगू" म्हणणारं आता या घरात माझ्या चुलतीशिवाय कुणी उरलेलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं चुलीजवळची कढई उचलली, घासली, पालथी घालून फळीवर ठेवली आणि सांगून टाकलं, "आता वर्सभर या घरात कढई चढायची न्हाई. तळण न्हाई, गोड न्हाई, दारात रांगोळी न्हाई. बराबर वर्स झाल्यावर मंग बघू."

मी मान हलवली. पण माझ्या डोळ्यांसमोर कढई नव्हती. त्याच फळीच्या वरच्या अंगाला रॉकेलचा एक डबा होता, तोंडाला फडकं बांधलेला. त्यात तुझ्या कुरडया होत्या.

वैशाखातले ते दिवस मला हल्ली जागेपणी दिसतात. तू गहू भिजत घातले होतेस. घरभर आंबूस वास सुटला होता आणि मी तक्रार केली होती. मग तू आणि गयाबाईनं ते वाटले, चीक गाळला, आणि ऊन वर यायच्या आत तू तो घोटायला बसलीस. मोठ्या पातेल्यात पांढरं काही तरी फुगत होतं, खाली बसत होतं. त्याच्या वाफेत तुझा चेहरा मधेच दिसायचा, मधेच नाहीसा व्हायचा. एका वाटीत चीक, त्यावर दूध आणि गूळ घालून तू माझ्यापुढं ठेवलास. अंगणात बाजेवर माझं जुनं धोतर अंथरलं होतं. सोऱ्यातून तू एकेक कुरडई त्यावर घालत गेलीस. गोल, पांढरी, जाळीदार. तुझा हात कोपरापासून फिरायचा आणि कुरडई पुरी झाली की अंगठ्यानं हळूच तोडायचीस. उन्हात त्या इतक्या पांढऱ्या दिसत, की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत गोल गोल उरत.

माझं काम कावळे हाकायचं. लिंबाच्या सावलीत हातात काठी आणि मांडीवर पुस्तक घेऊन मी बसलो होतो. त्या पुस्तकात गलबत समुद्रात भरकटलं होतं. मी समुद्र कधी पाहिलेला नाही, त्यामुळं तो मला फार खरा वाटत होता. कावळा एकही आला नाही. आली ती गयाबाईची शेळी. तिनं बाजेच्या कडेची ओळ खाऊन टाकली तेव्हा मी लाटा मोजत होतो.

तू ओले हात कमरेवर ठेवून उभी राहिलीस. "मास्तर, तुमच्या समुद्रात शेळ्या नसत्यात का?"

गयाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "भावजींना कशाला बोलते? शेळीला कुरडई कशी झाली ते इचार."

"तिलाच इचारते. हे तं खाऊन बी सांगत न्हाईत."

ते खरं होतं. दरवर्षी मी एवढंच म्हणायचो, मीठ जरा पुढं आहे. आणि तू म्हणायचीस, "तुमची जीभ कागदाची हाय." तुझी कुरडई मला आवडायची. ते मी तुला म्हटलं नाही. म्हणायचं राहून गेलं असंही नाही, म्हणायला हवं असं कधी वाटलंच नाही. दोघं इथंच होतो.

या वर्षी तू नेहमीपेक्षा जास्त घातल्यास. गोदाचं माघात लग्न झालेलं, तिची पहिली दिवाळी, जावई दिवाळसणाला येणार. "जाफराबादची माणसं इचारतील, मायनं काय वाढलं? ताट भरून दिसलं पायजे." आणि जाफराबादचं नाव निघालं की आपला तो वाद निघायचाच. पोरगी लांब दिली म्हणून. मुलगा शिकलेला होता, कचेरीत लागलेला होता, शांत होता. मी म्हणायचो, जालन्यापर्यंत तर रेल्वे आहे. तू म्हणायचीस, "आन जालन्यापुढं? तिथून बैलाच्या शेपटीमागं बसूनच जायचं का न्हाई? लेक जवळ पायजे का जावई शिकलेला पायजे, ते सांगा." मी सांगत नसे. त्या दुपारी तूच तोड काढलीस. "जाऊ द्या. दिवाळीला आली की तिलाच इचारू." मी बरं म्हटलं. आपण दोघंही निकालाची वाट पाहायला मोकळे झालो.

तू गेल्याचा निरोप जाफराबादला पोचून गोदा इथं आली, तेव्हा तुझी राख थंड झाली होती. ती उंबऱ्यावर बसली, जिथं तू बसली होतीस.

आता डब्याचं सांगतो. आश्विनात पाऊस सरून लख्ख ऊन पडलं, तेव्हा काकी म्हणाली, "दिगू, वाळवणाला ऊन दावावं लागतं. त्यो डबा काढ." मी म्हटलं, राहू दे. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि "बरं बाबा" म्हणून गहू निवडायला घेतले. त्या फडक्याची गाठ तू मारलेली होती. शाळेतून आल्यावर मी पाटावर उभा राहून ती नुसती पाहत असे. पिळा देऊन मारलेली गाठ, एक टोक लांब, एक आखूड. तुझ्या सगळ्या गाठी अशाच. ती सोडली तर परत तशी कुणाला मारता येणार नव्हती. घरात सगळं हळूहळू हलत होतं. तुझं लुगडं दोरीवरून काकीनं घडी करून ठेवलं, तुझा पाट दुसऱ्या भिंतीला गेला. हा डबा मात्र जिथल्या तिथं राहावा असं मी ठरवलं होतं. वर्षभर तळण नाही हे माझ्या पथ्यावरच पडलं होतं.

दिवाळीच्या आधी काकीनं निरोप धाडला की गोदानं यावं, पण सणाला नाही, भेटीला. दिवाळसण करायचा नाही, जावयाला ओवाळायचं नाही, नुसतं येऊन राहायचं. मी त्यांना आणायला स्टेशनवर गेलो. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाकडं चालल्या होत्या आणि आपल्या सगळ्या परतुरात कापूस उडत होता. लिंबांवर, कौलांवर, रुळांमधल्या गवतावर पांढरे पुंजके बसले होते. गाडीतून उतरलेल्या गोदाच्या केसांत एक पुंजका अडकला. मला क्षणभर वाटलं तूच उतरलीस, केस पिकलेली, माझ्यासारखीच वय झालेली. तसं तुला पाहणं व्हायचं नाही हे तिथं प्लॅटफॉर्मवर माझ्या ध्यानात आलं.

जावयाला पहिल्या दिवाळीला आपण पिठलं-भाकरी वाढली. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "मला पिठलंच आवडतं."

काकी म्हणाली, "खोटं बोलायला बी शाळंतच शिकवत्यात व्हय, दिगू?"

कितीतरी दिवसांनी घरात कुणी हसलं. हसू आलं तसं थांबलं, आणि आम्ही सगळ्यांनी नकळत चुलीकडं पाहिलं.

रीतीप्रमाणं गल्लीतल्या बायांनी फराळ आणून दिला. गयाबाई ताट झाकून घेऊन आली. करंज्या, शेव, चकल्या. ठेवून लगेच गेली, कारण ताटाबरोबर रडू येऊ द्यायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. फराळ चांगला होता. प्रत्येक घराची चव वेगळी असते हे मला प्रथमच कळलं. इतकी वर्षं मी एकच चव खाल्ली होती.

पाडव्याच्या सकाळी मी माझं पाणी मीच तापवलं. तू दर पाडव्याला माझ्या पाठीला तेल लावायचीस, अंगठ्यानं मणके दाबत खाली यायचीस आणि म्हणायचीस, "पाठ तं पाटीवानी झाली, आता कित्ता गिरवते." मग ओवाळायचीस. ताटात घालायला माझ्याजवळ दर वर्षी काही नवं नसे, तरी तू खाली पाहून हसायचीस. या पाडव्याला मी न्हाणीत बसलो तर पाठीला हात पोचेना. तसाच बसून राहिलो. शेजारच्या घरातून ताटात काहीतरी पडल्याचा नाद आला, बायकांचं हसणं आलं, उटण्याचा वास भिंतीवरून आला. पाणी निवत गेलं. तू मागं उभी आहेस आणि तेलाची वाटी शोधते आहेस असं मला अगदी नक्की वाटत होतं, म्हणून मी वळलो नाही.

दुपारी गोदानं विचारलं, "दादा, मायच्या कुरडया कुठं हायत?"

मी फळीकडं पाहिलं. तिनं पाटावर चढून डबा काढला, मांडीत घेतला आणि गाठीला हात घातला.

"सोडू नको," मी म्हटलं.

"काहून?"

मी गाठीकडं बोट दाखवलं. ती गाठीकडं पाहत राहिली. मग तिलाही ती ओळखू आली असावी, कारण तिचा आवाज बदलला. "दादा, गाठ ठेवायसाठी कुरडया घातल्यात का तिनं?" आणि डबा तिनं माझ्यापुढं सरकवला. "तुमीच सोडा."

गाठ घट्ट होती. पावसाळ्याच्या ओलीनं आणखी आवळली होती. आखूड टोक सैल केलं की ती सुटते हे मला माहीत होतं, कारण आयुष्यभर तुझ्या बांधलेल्या भाकरी मी शाळेत सोडत आलो होतो. ती सुटली.

वरच्या कुरडयांना किडीची जाळी धरली होती. बोट लावलं की त्यांची भुकटी होत होती. मी जपल्या म्हणजे नुसत्या झाकून ठेवल्या होत्या. गोदा एकदम भडकली. "ऊन काहून न्हाई दावलं? कुणालाच सुचलं न्हाई का या घरात?" काकी आश्विनात मला म्हणाली होती. तिनं माझं नाव सांगितलं नाही. मीच सांगितलं. गोदा रडली, डोळे पुसले आणि डबा उचलून अंगणात गेली.

खालच्या थरातल्या कुरडया चांगल्या होत्या. आम्ही त्या बाजेवर मांडल्या. जावई लिंबाच्या काडीनं एकेकीची भुकटी झाडत होता, कागदपत्रांवरची धूळ झाडावी तशी, अगदी हलक्या हातानं. ऊन कोवळं होतं. हवेतून कापूस येत होता आणि पांढऱ्यावर पांढरं बसत होतं. त्या शांततेत मी गोदाला ते विचारून टाकलं. तुझ्या वतीनंही.

"गोदा, जाफराबाद लई लांब झालं का गं?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "लांब हाय म्हून तं तुळशीच्या लग्नापस्तोर राहायला मिळून राह्यलं. वाटुरात दिली असती तर सांजच्याला गाडी जुपून नेली असती." तो हसला, मीही हसलो. मग ती हातातल्या कुरडईकडं पाहत म्हणाली, "पर मायचं तोंड बघायला न्हाई मिळालं."

असा निकाल लागला, कौसा. म्हणजे लागलाच नाही. तुझंही बरोबर आणि माझंही बरोबर, आणि दोन्ही खरं धरून पोरगी तिथं संसार करते आहे. हा वाद मिटला नाही याचं मला बरं वाटतं. तुझ्याशी बोलायला काहीतरी हवं.

संध्याकाळच्या स्वयंपाकाला चूल पेटली तेव्हा गोदा कुरडया सुपात घेऊन चुलीजवळ बसली आणि म्हणाली, "एक तरी तळते. ह्यांना मायच्या हातची चव कळू दे."

"कढई चढायची न्हाई," काकी म्हणाली.

"मंग गयामावशीकडून तळून आणते."

"तिच्या चुलीवर, तिच्या तेलात तळली तं ती तिची झाली. तुज्या मायची कुठं ऱ्हायली?"

गोदा उठून बाहेर जायला निघाली. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, हे तुला खरं सांगतो. आता त्या परत डब्यात जातील, उन्हात वाळवून, नीट, आणि राहतील. मी सुपातली एक उचललीही होती. काकी चुलीपुढं बसून निखारे पाहत होती. मग चिमट्यानं दोन-चार निखारे पुढं ओढले, माझ्या हातातली कुरडई घेतली आणि त्यावर धरली.

"तळू न्हाई असं हाय," ती म्हणाली. "भाजू न्हाई असं मला तं कुणी सांगितलं न्हाई."

गोदा दारातच थांबली. निखाऱ्यावर कुरडई हळूहळू जागी झाली. तळल्यावर ती एकदम फुलते, तशी नाही. एकेक तार सरळ होत गेली, बारीक आवाज करत, कडा तांबूस झाल्या आणि वैशाखातला तोच वास, ज्याची मी तक्रार केली होती, घरभर पसरला. काकीनं पहिली जावयाच्या ताटात टाकली. दुसरी गोदाला. तिसरी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती धरून बसलो.

"खा," काकी म्हणाली. "ठेवायला न्हाई केल्या तिनं."

मी खाल्ली. मीठ जरा पुढं होतं. एका कडेला करपट लागली, मधे कच्ची होती, आणि ती इतकी तुझी होती, की मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांत ते पांढरे गोल परत आले, अंगण आलं, बाज आली, ऊन आलं. तू सोऱ्या फिरवत होतीस. मी पुस्तक खाली ठेवून म्हटलं, कौसा, फार चांगली झाली आहे. तू वर पाहिलंस. काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर जावई आणखी एक मागावी की नाही या विचारात होता आणि काकी त्याला विचारत होती, "पिठलं आवडतं का कुरडई? आता खरं बोला."

गोदा तुळशीच्या लग्नानंतर गेली. अर्ध्याहून जास्त कुरडया मी तिच्याबरोबर बांधून दिल्या, तिच्या सासूसाठी. काकीही वाटूरला गेली आहे. संक्रांत करायची नाही, पण संक्रांतीला येईन म्हणाली आहे.

आता घरात मी आहे. शाळेतून आलो की चूल पेटवतो आणि भाकरी थापतो. ती अजून गोल होत नाही. निखारे उरतात तेव्हा कधी कधी एक कुरडई भाजतो. थोड्या उरल्या आहेत, आणि मी त्या खातो आहे.